सुई आणि आग : चिनी वैद्यकातला मागे पडलेला अर्धा शब्द

चिनी वैद्यक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सुया येतात. पण चिनी भाषेत या उपचाराचं नाव 'चन्-जिउ' असं जोडनाव आहे. 'चन्' म्हणजे सुई, 'जिउ' म्हणजे वनस्पती जाळून दिलेला शेक. डच वैद्य टेन ऱ्हायने यानं 1683 साली लॅटिनमध्ये सुईच्या उपचाराला 'ॲक्युपंक्चर' म्हटलं. पुढे जगभर तेच नाव रुळलं आणि आग मागे पडली. आज आपण त्या आगीकडे पाहू.

ही वनस्पती म्हणजे 'आय'. चैत्रात आपण ज्योतिबाला दवणा वाहतो ना, त्याचीच ही चुलत बहीण. पानं वाळवून, कुटून, चाळून घेतली की कापसासारखा मऊ लव उरतो. त्याची लहानशी गोळी कातडीवर, कधी मध्ये आल्याची चकती ठेवून, पेटवतात. किंवा कांडी करून थोड्या अंतरावर धरतात. पान जुनं झालं की त्यातली उडून जाणारी तेलं कमी होतात आणि आच सौम्य लागते.

आता पुरावा बघू. चांगशा शहराजवळ मावांगद्वेइ इथं इ.स.पू. 168 मधली एक कबर 1973 साली उघडली. तिच्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकग्रंथ मिळाले. त्यांतले काही शरीरातल्या अकरा वाहिन्यांचं वर्णन करतात आणि उपचार सांगतात तो शेकाचा, सुईचा नव्हे. उल्लेख नाही म्हणजे सुई नव्हतीच, असं अर्थात म्हणता येत नाही. पण वाहिन्यांची कल्पना सुईवाचूनही उभी होती, एवढं नक्की.

आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ही वनस्पती भेटते ती वेगळ्याच ठिकाणी. इ.स.पू. चौथ्या शतकातला मेन्शियस राज्यकर्त्यांना सांगतो : दुखणं सात वर्षांचं आणि औषध हवं तीन वर्षं मुरलेलं 'आय', आजही साठवायला लागला नाहीत, तर ते जन्मभर मिळणार नाही. तहान लागल्यावर विहीर खणणं, असं आपण म्हणतो. गंमत बघा, 'पिवळ्या सम्राटाचा अंतर्ग्रंथ' या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथातही हाच दृष्टान्त आहे.

हा उपचार चीनमध्ये सदैव मानाचा होता, असंही नाही. 1822 साली दाओग्वांग सम्राटानं राजवैद्यक संस्थेतून सुई आणि शेक दोन्ही हद्दपार केले. लोकांत मात्र ते चालू राहिले.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या. एखादा उपचार दोन हजार वर्षं टिकला, यावरून तो गुणकारी ठरत नाही. ते तपासावंच लागतं, आणि भाजण्याचा धोका तर खराच आहे. पण राजानं काढून टाकला किंवा भाषांतरात गळला, म्हणून तो खोटाही ठरत नाही. मेन्शियसचं सांगणं तर औषधाच्या गुणावर अवलंबूनच नाही. पान मुरायला तीन वर्षं लागणार असतील, तर ते आज वाळत घालायला हवं.