समाजमाध्यमे आणि लोकसंज्ञापन : साक्री तालुका

आंतरजालाच्या साहाय्याने, मुख्यतः भ्रमणध्वनीवरून, सामान्य व्यक्तीस मजकूर, छायाचित्रे, ध्वनी व चलच्चित्रे एका किंवा अनेक व्यक्तींकडे तत्काळ पाठविण्याची व आलेला मजकूर पुढे धाडण्याची सोय देणाऱ्या साधनांस समाजमाध्यमे म्हणतात. फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम, टेलिग्राम ही त्यांची प्रमुख उदाहरणे होत. टपाल व दूरध्वनी ही एकाकडून एकाकडे निरोप नेणारी, तर वृत्तपत्र व नभोवाणी ही एकाकडून अनेकांकडे वार्ता नेणारी साधने होती. समाजमाध्यमांत हे दोन्ही प्रकार एकत्र आले. त्यामुळे घरगुती निरोप, सार्वजनिक वार्ता आणि कार्यालयीन आदेश एकाच पडद्यावर, एकाच आकाराच्या अक्षरांत दिसू लागले व त्यांतील प्रत्येकाची विश्वासार्हता ठरविणाऱ्या जुन्या खुणा पुसट झाल्या. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात २०१८ मध्ये घडलेल्या हत्याकांडामुळे या बदलाचे गंभीर स्वरूप साऱ्या देशापुढे आले.

प्रादेशिक पार्श्वभूमी : साक्री हे तालुक्याचे ठिकाण कान नदीकाठी, सुरत–नागपूर महामार्गावर वसलेले आहे. तालुक्यातून रेल्वेमार्ग जात नाही. पश्चिमेकडील पिंपळनेर परिसर सह्याद्रीच्या रांगांनी व्यापलेला असून तेथे कोकणा, भिल्ल, मावची इ. आदिवासी जमातींची वस्ती आहे. पूर्वेकडील सपाट भागात अहिराणी बोलली जाते. शेती हा मुख्य व्यवसाय असला, तरी पाऊसकाळ संपल्यावर मजुरीसाठी गुजरातमध्ये व साखर कारखान्यांच्या प्रदेशांत जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. दूर गेलेल्या माणसांशी संपर्क राखणे ही येथील कुटुंबांची जुनी गरज होय.

पूर्वीची साधने : गावोगावच्या वार्तांचे प्रमुख केंद्र आठवडे बाजार हे असे. सरकारी सूचना कोतवाल दवंडी पिटून देई. भारतात १८७९ पासून पोस्टकार्ड सुरू झाले. ज्यांना लिहिता येत नसे ते दुसऱ्याकडून पत्र लिहवून व वाचवून घेत. तातडीच्या व बहुधा अशुभ वार्तेसाठी तार येई. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. राज्य परिवहनाची बससेवा १९४८ मध्ये सुरू झाल्यावर वृत्तपत्रेही बसमधून येऊ लागली. पुढे रस्तोरस्ती दूरध्वनी केंद्रे निघाली.

या सर्व साधनांचे एक समान लक्षण असे, की बोलणारा कोण हे ऐकणाऱ्यास कळत असे. कोतवाल गावाच्या ओळखीचा असे, पत्रावर हस्ताक्षर व टपालाचा शिक्का असे आणि बाजारात बातमी सांगणाऱ्यास पुढच्या बाजारी त्याच लोकांसमोर यावे लागे. छापील मजकुराच्या बाबतीत तर १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारक केले होते.

अर्थात त्या काळी अफवा नव्हत्या असे नाही. मुंबईत प्लेगची साथ आली असता, रुग्णालयात नेलेल्या माणसांस मारून टाकतात अशी वदंता पसरून ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. गणेशमूर्ती दूध पिते ही वार्ता २१ सप्टेंबर १९९५ रोजी मुख्यतः दूरध्वनीवरून एका दिवसात देशभर पोहोचली. पुलाच्या पायात बळी देण्यासाठी मुले पळवून नेतात हा समज तर वसाहतकाळापासून अनेक प्रांतांत आढळतो. तेव्हा अफवेचे बीज जुनेच होय. बदलला तो तिचा मार्ग व वेग.

नव्या माध्यमांचा प्रसार : भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा ऑगस्ट १९९५ मध्ये सुरू झाली. ऑर्कुट (२००४–१४) आणि २००६ पासून सर्वांना खुले झालेले फेसबुक यांचा वापर प्रारंभी शहरी, संगणक बाळगणाऱ्या वर्गापुरता होता. २००९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेले व व्यक्तीच्या भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेले व्हॉट्सॲप २०१४ मध्ये फेसबुक कंपनीने विकत घेतले. एप्रिल २०१६ पासून त्यातील संदेश पाठविणारा व घेणारा यांखेरीज कोणासही वाचता येऊ नयेत, अशी कूटलेखनाची व्यवस्था सर्वत्र लागू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू होऊन आंतरजालाचे दर एकदम खाली आले व अल्पावधीतच खेड्यापाड्यांत स्मार्टफोन पोहोचले. संगणक, ई-पत्र, वृत्तपत्रांची संकेतस्थळे हे मधले टप्पे न ओलांडताच एक मोठा वर्ग थेट समाजमाध्यमांवर आला. छापील बातमी तपासून पाहण्याची सवय लागण्यापूर्वीच बातमी पुढे धाडण्याचे साधन त्याच्या हाती पडले.

व्यक्तिगत देवाणघेवाण : या माध्यमांनी साधलेली सोय निर्विवाद आहे. ध्वनिमुद्रित निरोपामुळे लिहिता-वाचता न येणाऱ्यासही दुसऱ्याच्या मदतीवाचून आपले मन मोकळे करता येऊ लागले. ज्या बोलींना शाळेत व कचेरीत स्थान नव्हते, त्या अहिराणी, कोकणा, भिल्ली या बोलींत निरोप, विनोद व गाणी यांची देवाणघेवाण होऊ लागली. अहिराणी गीते तर यूट्यूबवरून खानदेशाबाहेरही लोकप्रिय झाली. ऊसतोडीस गेलेल्या आईवडिलांना गावी राहिलेल्या मुलांचा चेहरा रोज पाहता येतो. लग्नाचे आमंत्रण, मृत्यूची वार्ता, दशक्रियेची तिथी भावकीच्या गटावर कळविली जाते.

या सोयीबरोबर आप्तसंबंधांवर नवी बंधनेही आली. संदेश वाचल्याचे दर्शविणाऱ्या निळ्या खुणा नोव्हेंबर २०१४ मध्ये आल्यावर उत्तर न देणे हाच एक संदेश ठरू लागला. प्रत्यक्ष येऊन अक्षता देण्याऐवजी गटावर पत्रिका टाकली, तर ते आमंत्रण मानावे की नाही असे प्रश्न उद्भवले. याहून महत्त्वाचा बदल म्हणजे, ओळखीच्यांत केलेले बोलणे कायमची लेखी नोंद बनले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे, मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत लिहिणाऱ्या एका तरुणीस व त्या मताला केवळ पसंतीची खूण करणाऱ्या तिच्या मैत्रिणीस अटक झाली. या घटनेतून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरविले.

कार्यालयीन संज्ञापन : सरकारी कामात आवक-जावक क्रमांक, दिनांक व स्वाक्षरी यांवाचून आदेशास अस्तित्व नसे. वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा व तोंडी दिल्यास त्याची मागाहून लेखी पुष्टी व्हावी, असा दंडक केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांत आहे. व्हॉट्सॲपच्या गटांनी या रीतीस वळसा घातला. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आशा व अंगणवाडी सेविका यांचे तालुकावार व विभागवार गट झाले. त्यांवरून सूचना येतात, माहिती मागविली जाते आणि काम केल्याचा पुरावा म्हणून छायाचित्र पाठवावे लागते. डोंगराळ भागातील कर्मचाऱ्याची तालुक्याला जाण्याची खेप वाचली, हा मोठा लाभ होय. करोना साथीत शाळा बंद असता एप्रिल २०२० पासून राज्याने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला मुख्यतः याच मार्गाने विद्यार्थ्यांपर्यंत नेली. परंतु ज्या घरी असा फोन नव्हता वा पाड्यावर संपर्कलहरी पोहोचत नव्हत्या, तेथील मुले तिच्यापासून वंचित राहिली.

न्यायसंस्थेनेही या साधनाची दखल घेतली. व्हॉट्सॲपवर पाठविलेली नोटीस उघडून पाहिल्याचे निळ्या खुणांवरून दिसत असल्याने ती बजावली गेली असे मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये एका प्रकरणात मानले. मात्र आदेश व गप्पा यांची सरमिसळ झाल्याने कामाची वेळ व घरची वेळ यांतील सीमा राहिली नाही. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्याने मिळाला. तशाच आशयाचे खाजगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडले. तथापि त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांच्या वापराचे नियम घालून दिले. त्यांत व्यक्तिगत व कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्याचा दंडक आहे. जे वेगळेपण पूर्वी साधनांमुळे आपोआप पाळले जाई, ते आता नियमाने राखावे लागते.

राईनपाड्याची घटना : २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे संदेश व चलच्चित्रे देशाच्या अनेक भागांत पसरली. त्यांपैकी बरेच फिरलेले एक चित्रण मुळात कराचीतील एका संस्थेने हरवलेल्या मुलांविषयी लोकजागृतीसाठी तयार केलेले होते. त्याचा खुलासा करणारा शेवट कापून टाकण्यात आला होता. अशाच अफवेतून मे २०१७ मध्ये झारखंडात सात जणांचा बळी गेला होता. ८ जून २०१८ रोजी आसामातील कार्बी आंगलाँग येथे दोन तरुण मारले गेले.

साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात रविवार, १ जुलै २०१८ रोजी आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे पाच पुरुष त्या दिवशी तेथे आले. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा या जमातीचा परंपरागत व्यवसाय असून मृतांपैकी बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे रहिवासी होते. एका लहान मुलीशी त्यांच्यापैकी कोणी बोलल्याचे निमित्त होऊन मुले पळविणारे आल्याचा संशय घेतला गेला. जमावाने त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले व तेथे बेदम मारले. पाचही जण मरण पावले. सोडवावयास आलेल्या पोलिसांवरही हल्ला झाला. मारहाणीची चित्रणे पुन्हा त्याच माध्यमातून पसरली व आरोपींची ओळख पटविण्यासाठी पोलिसांना त्यांचाच उपयोग झाला. मुले पळविणाऱ्या टोळीची वार्ता निराधार होती. त्याच रात्री जवळच्या मालेगाव शहरात अशाच संशयाने घेरल्या गेलेल्या, लहान मुलासह पाच जणांची पोलिसांनी सुटका केली.

भिक्षेकऱ्याची फेरी ही खानदेशच्या ग्रामजीवनातील परिचित गोष्ट होती. अनोळखी असूनही त्याचा वेष, वाद्य व बोलणे यांवरून तो कोण हे गाव ओळखत असे. राईनपाड्यास मात्र समोरच्या माणसापेक्षा हातातील संदेश अधिक परिचित ठरला. कारण तो भाऊबंद, मित्र, शेजारी यांच्याकडून आलेला होता. संदेश धाडणारा ओळखीचा, पण तो रचणारा अज्ञात, अशी ही रचना आहे. आप्तावरील विश्वास मूळ लेखकास आयता मिळतो व कोणीही उत्तरदायी राहत नाही. ज्या गटावर लग्नाची खरी वार्ता येते, त्याच गटावर आलेली टोळीची वार्ता खोटी मानण्याचे कारण वाचणाऱ्यास दिसत नाही. ग्रामीण माणसाच्या अज्ञानावर या हत्याकांडाचे खापर फोडणे म्हणूनच अपुरे आहे. शिक्षित नागरी वर्गही असे संदेश पुढे धाडीत होता. आदिवासी समाजाची बाहेरच्यांविषयीची जुनी साशंकता व भटक्या जमातींवर इंग्रजी अमदानीपासून बसलेला गुन्हेगारीचा शिक्का या दोन्हींना त्या संदेशाने चेतविले, हेही लक्षात घ्यावे लागते. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर व मुले पळविणारे यांच्या अफवेतून दोन साधू व त्यांचा वाहनचालक मारले गेले. यावरून राईनपाड्याची घटना अपवादात्मक नव्हती हे दिसते.

उपाय व कायदे : घटनेनंतर केंद्र शासनाने व्हॉट्सॲप कंपनीस जाब विचारला. जुलै २०१८ मध्येच पुढे धाडलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली व भारतात एका वेळी पाच ठिकाणीच संदेश धाडण्याची मर्यादा आली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येतो; त्यामुळे अशा संदेशांचा प्रसार ७० टक्क्यांनी घटला असे कंपनीचे म्हणणे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी जमावहत्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. संदेशाचा मूळ निर्माता शोधून देण्याचे बंधन २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी घातले. त्यामुळे सर्वांचाच खाजगीपणा संपुष्टात येईल असे म्हणून कंपनीने त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ गटप्रमुख म्हणून कोणास दोषी धरता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये दिला.

भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक व्यक्तींनी वंश, जात, जन्मस्थान, भाषा इ. कारणांवरून केलेल्या हत्येसाठी कलम १०३ (२) अन्वये मृत्युदंड वा आजन्म कारावास यांची तरतूद आहे. ही संहिता १ जुलै २०२४ रोजी, म्हणजे राईनपाड्याच्या घटनेस सहा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, अंमलात आली. अफवेतून घेतलेला संशय या कलमात स्पष्टपणे नमूद नाही. तो ‘तत्सम अन्य कारण’ या शब्दांत बसतो किंवा कसे, हे न्यायालयांच्या अन्वयार्थावर अवलंबून राहील.

कायदा व तांत्रिक मर्यादा यांनी संदेशाचा वेग कमी होतो. त्याची सत्यासत्यता ठरविण्याचे काम वाचणाऱ्याकडेच उरते. मुद्रित मजकुराखाली मुद्रक व प्रकाशक यांचे नाव असावे हा दंडक छपाईचा प्रसार झाल्यानंतर घालण्यात आला. समाजमाध्यमांना साजेसा, परंतु खाजगी बोलण्यावर पाळत न ठेवणारा असा दंडक अद्याप घडावयाचा आहे. तोपर्यंत पाड्यावर येणाऱ्या अनोळखी माणसाची सुरक्षितता, संदेश पुढे धाडण्यापूर्वी तो कोणी सांगितला हे विचारण्याच्या लोकांच्या सवयीवर बव्हंशी अवलंबून आहे.