समकालन, बिनतारी (मोबाइल फोन व संगणक यांमधील)

मोबाइल फोन व संगणक या दोन स्वतंत्र यंत्रांवर साठविलेली एकाच विषयाची माहिती (उदा., नावे व दूरध्वनी क्रमांक, दिनदर्शिकेतील नोंदी, टिपणे, छायाचित्रे) तारेचा उपयोग न करता परस्परांशी जुळती ठेवण्याच्या क्रियेस बिनतारी समकालन म्हणतात. व्यवहारात तिला ‘सिंक’ करणे असे म्हटले जाते. नक्कल करणे व समकालन यांत महत्त्वाचा फरक आहे. नक्कल एकाच दिशेने होते व मूळ प्रत कोणती याविषयी संदेह नसतो. समकालनात दोन्ही प्रतींत फेरफार झालेले असू शकतात आणि त्यांपैकी कोणता ग्राह्य धरावयाचा, याचा निर्णय यंत्रास करावा लागतो. समकालन बंद पडले की सामान्यतः दोष रेडिओ दुव्यास दिला जातो. तथापि या तंत्राचा इतिहास पाहता दुवा जसजसा सुलभ होत गेला, तसतसा दोषांचा उगम दुव्याकडून यंत्रांची परस्पर ओळख, माहितीची भाषा आणि निर्णयाचे नियम यांकडे सरकत गेला, असे दिसून येते. त्यामुळे दोषनिदानाची पद्धत समजण्यासाठी हा इतिहास उपयुक्त ठरतो.

पूर्वपीठिका : अनेक ठिकाणी ठेवलेल्या प्रतींत एकवाक्यता कशी राखावी, हा प्रश्न मोबाइल फोनच्या पूर्वीचा आहे. दूर अंतरावरील संगणकांमध्ये कोणती घटना आधी व कोणती नंतर घडली हे केवळ घड्याळांच्या आधारे खात्रीने सांगता येत नाही, कारण कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. लेस्ली लँपोर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात घड्याळाऐवजी घटनांच्या क्रमावर आधारलेली ‘तार्किक घड्याळा’ची कल्पना मांडली. १९८३ मध्ये डी. एस. पार्कर व त्यांचे सहकारी यांनी प्रत्येक प्रतीबरोबर फेरफारांची गणती ठेवून दोन प्रतींतील विसंगती ओळखण्याची रीत सुचविली. पुढील काळातील बहुतेक समकालन पद्धतींच्या मुळाशी या दोन विचारांपैकी एक तरी आढळतो.

सामान्य ग्राहकाच्या हाती समकालन आले ते १९९६ मध्ये बाजारात आलेल्या ‘पायलट’ या खिशात मावणाऱ्या यंत्राबरोबर. जेफ हॉकिन्स व त्यांचे सहकारी यांनी पाम काँप्युटिंग या कंपनीत तयार केलेले हे यंत्र संगणकाला जोडलेल्या एका बैठकीत ठेवून त्या बैठकीवरील एकच कळ दाबली की, दोन्हींकडील नोंदी जुळत. यंत्रावरील प्रत्येक नोंदीला ती बदलली किंवा पुसली गेल्याची खूण जोडलेली असे. मागील समकालन त्याच संगणकाशी झाले असेल, तर केवळ खुणा केलेल्या नोंदी पाहिल्या जात. संगणक बदलला असेल, तर सर्व नोंदींची तुलना होई. एकच नोंद दोन्हींकडे वेगवेगळी बदलली असल्यास निवड न करता दोन्ही नोंदी ठेवल्या जात आणि निर्णय मनुष्यावर सोपविला जाई. या पद्धतीत दुवा तारेचा असल्याने बिघाडही बहुधा डोळ्यांना दिसणारा असे.

अवरक्त दुवा : तार वगळण्याचा पहिला व्यापक प्रयत्न अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने झाला. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या इन्फ्रारेड डेटा असोसिएशन या संघटनेने त्यासाठी मानके ठरविली. प्रारंभीच्या मानकानुसार माहितीचा वेग सेकंदास कमाल १,१५,२०० बिट असून अंतर सु. १ मी. पर्यंत होते. दोन्ही यंत्रांची काचेची झरोकी समोरासमोर असणे आवश्यक असे. मध्ये हात आला किंवा प्रखर सूर्यप्रकाश पडला की दुवा तुटे. अर्थात हा दोष ओळखण्यास सोपा होता. दुसऱ्या खोलीतील यंत्राशी चुकून जोडले जाण्याचीही भीती नव्हती. यंत्रे समोरासमोर ठेवणे, हीच त्यांच्या ओळखीची खूण होती.

ब्लूटूथ : एरिक्सन या स्वीडिश कंपनीत १९९४ मध्ये अल्प अंतराच्या रेडिओ दुव्यावर काम सुरू झाले. याप हार्टसेन या डच अभियंत्याचा त्यात प्रमुख वाटा होता. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल व तोशिबा या कंपन्यांनी एकत्र येऊन या तंत्रास दहाव्या शतकातील डॅनिश राजा हॅरल्ड ब्लूटूथ याचे नाव दिले. हे तंत्र २.४ गिगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालते. मूळ पद्धतीत या पट्ट्याचे प्रत्येकी १ मेगॅहर्ट्‌झचे ७९ भाग पाडून दुवा सेकंदास १,६०० वेळा एका भागावरून दुसऱ्या भागावर उडी घेतो, त्यामुळे एखाद्या भागातील व्यत्ययाने सर्व संदेश नष्ट होत नाही [→ रेडिओ संदेशवहन पद्धती]. हाच पट्टा वाय-फाय वापरते व स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात चालते. म्हणून २००३ च्या १.२ आवृत्तीत गजबजलेले भाग टाळून उड्या घेण्याची सोय करण्यात आली. भारतात २००५ च्या नियमांनी या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना परवान्याच्या अटीतून सूट मिळाली.

ब्लूटूथबरोबर एक नवा प्रश्न निर्माण झाला. रेडिओ तरंग भिंतीपलीकडेही जात असल्याने समोर ठेवणे ही ओळख राहिली नाही; ती पेअरिंगद्वारे करून द्यावी लागली. आरंभी त्यासाठी दोन्ही यंत्रांवर एकच गुप्त अंक लिहावा लागे व अनेक उपकरणांत तो ०००० किंवा १२३४ असा ठरीव असे. २००७ च्या २.१ आवृत्तीत दोन्ही पडद्यांवर दिसणारे सहा आकडे जुळतात की नाही हे पाहण्याची अधिक सुरक्षित रीत आली. पेअरिंगनंतर दोन्ही यंत्रे एक गुप्त किल्ली जपून ठेवतात. एका यंत्राची किल्ली पुसली गेली, उदा., संगणकाची प्रणाली पुन्हा बसविली, तर दुसरे यंत्र जुनीच किल्ली धरून राहते व जोडणी नाकारली जाते. अशा वेळी नोंद एकाच बाजूने काढून भागत नाही; ती दोन्ही यंत्रांवरून काढून पेअरिंग नव्याने करावे लागते.

समान भाषेचा प्रश्न : दुवा जुळला तरी दोन यंत्रांना एकमेकांची नोंद समजली पाहिजे. अ‍ॅपल, एटी अँड टी, आयबीएम व सीमेन्स यांच्या ‘व्हर्सिट’ या गटाने नाव-पत्त्यासाठी ‘व्हीकार्ड’ हा नमुना तयार केला व तो १९९६ पर्यंत २.१ आवृत्तीपर्यंत पोहोचला. या आवृत्तीत अक्षरांचे गृहीत संकेतन इंग्रजीपुरते होते. इतर लिपीसाठी संकेतनाचे नाव प्रत्येक वेळी सांगावे लागे. देवनागरीचा अंतर्भाव युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत झालेला होता. तरीही पाठविणाऱ्या किंवा घेणाऱ्या सॉफ्टवेअरने संकेतन चुकीचे धरल्यास मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा स्वरचिन्हांकित यूरोपीय अक्षरांची निरर्थक माळ उमटे. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ते सुटे वाचले गेल्याचा हा परिणाम होय. अक्षरांची माळ पुष्कळदा पूर्ववत करता येते; परंतु प्रश्नचिन्हे एकदा साठविली गेली की मूळ नाव त्या प्रतीतून कायमचे जाते. २०११ च्या ४.० आवृत्तीने यूटीएफ-८ बंधनकारक केले.

समकालनाच्या कार्यपद्धतीसाठी फेब्रुवारी २००० मध्ये नोकिया, एरिक्सन, मोटोरोला, आयबीएम, लोटस, पाम, सायन व स्टारफिश यांनी ‘सिंकएमएल’ हा उपक्रम सुरू केला व त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिले मानक प्रसिद्ध केले. २००२ मध्ये हे काम ओपन मोबाइल अलायन्स या संस्थेकडे गेले. या पद्धतीत दोन्ही बाजू मागील समकालनाची एक खूण जपून ठेवतात. खुणा जुळल्या तर केवळ नंतरचे फेरफार पाठविले जातात. न जुळल्यास ‘संथ समकालन’ होऊन सर्व नोंदी ताडून पाहिल्या जातात. एकेक नाव दोनदोनदा दिसण्याच्या सर्वपरिचित दोषाचे मूळ बहुधा येथेच असते. फोनने जागेअभावी नाव आखडते घेतले किंवा पत्त्याचा एखादा भाग गाळला, तर ती नोंद संगणकास वेगळ्या व्यक्तीची वाटते व तो दोन्ही ठेवतो.

वाय-फाय व घरगुती जाल : ८०२.११ हे बिनतारी जालाचे मानक १९९७ मध्ये व त्याची लोकप्रिय ‘ब’ आवृत्ती १९९९ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टच्या ‘अ‍ॅक्टिव्हसिंक’ या सॉफ्टवेअरमध्ये जालमार्गे समकालनाची सोय होती. परंतु २००५ मधील ४.० आवृत्तीत सुरक्षिततेच्या कारणास्तव ती काढून टाकण्यात आली. अ‍ॅपलने ऑक्टोबर २०११ मध्ये आयओएस ५ व आयट्यून्स १०.५ यांद्वारे वाय-फाय समकालन उपलब्ध केले. त्यासाठी प्रथम एकदा तारेने जोडून ओळख करून द्यावी लागे. बिनतारी विश्वासाचा पाया तारेनेच घातला जाई.

अशा जालात फोन व संगणक परस्परांस नावाने हाक मारून शोधतात. ही हाक एकाच जालातील सर्व यंत्रांस उद्देशून असते व सामान्यतः राउटरपलीकडे जात नाही. म्हणून संगणक मुख्य जालावर व फोन पाहुण्यांसाठीच्या जालावर असेल, राउटरवर यंत्रे परस्परांपासून अलग ठेवण्याची व्यवस्था चालू असेल किंवा संगणकाच्या फायरवॉलने ही हाक अडविली असेल, तर दोन्हींवर इंटरनेट उत्तम चालूनही समकालन होत नाही. वापरणाऱ्यास गोंधळात टाकणारा हा दोष प्रत्यक्षात बिघाड नसून सुरक्षिततेच्या व्यवस्थेचा परिणाम असतो.

सर्व्हरमार्फत समकालन : २००८ मध्ये अँड्रॉइड प्रणालीचा पहिला फोन आला. त्यातील नावे व दिनदर्शिका घरच्या संगणकाशी न जुळता थेट दूरच्या सर्व्हरशी जुळत. दिनदर्शिकेसाठी ‘कॅलडॅव्ह’ (२००७) व नाव-पत्त्यांसाठी ‘कार्डडॅव्ह’ (२०११) ही खुली मानके तयार झाली. फोन व संगणक आता एकमेकांशी न बोलता एका त्रयस्थाशी बोलू लागले. यामुळे अंतराचे बंधन गेले. मात्र सर्व प्रतींचे भवितव्य त्या त्रयस्थावर अवलंबून राहिले. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत ‘साइडकिक’ या फोनची माहिती सांभाळणाऱ्या, मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या ‘डेंजर’ या कंपनीच्या सर्व्हरमध्ये बिघाड झाला. ग्राहकांची नावे, छायाचित्रे व दिनदर्शिका जवळजवळ निश्चितपणे गेल्याचे प्रथम जाहीर झाले व फोनची विद्युत् घटमाला काढू नये असे त्यांना सांगण्यात आले, कारण फोनमधील प्रतही त्याने पुसली जाण्याचा संभव होता. पुढे बहुतांश माहिती परत मिळविता आली. परंतु समकालित प्रती अनेक असल्या, तरी त्यांना सुरक्षित साठा म्हणता येत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

दोषनिदान : वरील विवेचनावरून दोषशोधनाचा क्रम ठरतो. कोणताही उपाय करण्यापूर्वी दोन्ही यंत्रांवरील माहितीची स्वतंत्र प्रत काढून ती समकालनाच्या कक्षेबाहेर ठेवावी. नंतर सर्व माहितीऐवजी एकच चाचणी-नोंद तयार करून ती कोठपर्यंत पोहोचते हे पुढील टप्प्यांनी पाहावे.

(१) दुवा : यंत्रे जवळ आणून पाहावे. यूएसबी ३.० ची उपकरणे २.४ गिगॅहर्ट्‌झच्या परिसरात रेडिओ गोंगाट निर्माण करतात, हे इंटेलने २०१२ मध्ये दाखविले आहे. ती दूर ठेवावीत. (२) ओळख : पेअरिंग दोन्हींकडून काढून नव्याने करावे. अलीकडील फोन गोपनीयतेसाठी वाय-फायवरील आपला यंत्रपत्ता बदलता ठेवतात, त्यामुळे ठराविक पत्त्यांनाच प्रवेश देणारा राउटर त्यांना नाकारू शकतो. (३) परवानगी : दोन्ही यंत्रे एकाच जालावर आहेत की नाहीत, तसेच फायरवॉलची अनुमती आहे की नाही हे पाहावे. २०१५ च्या ६.० आवृत्तीपासून अँड्रॉइड पडून असलेल्या फोनवरील पार्श्वभूमीतील समकालन वीज वाचविण्यासाठी लांबणीवर टाकतो. फोन जागा केल्यावर नोंद पोहोचत असेल, तर कारण हेच समजावे. (४) भाषा : नोंद पोहोचली पण अक्षरे बिघडली, तर संकेतन तपासावे. (५) निर्णय : नोंदी दुप्पट होणे, जुना मजकूर परत येणे किंवा नवा नाहीसा होणे ही या टप्प्याची लक्षणे होत. ‘शेवटचा फेरफार ग्राह्य’ हा नियम असल्यास घड्याळ चुकलेले यंत्र चुकीच्या नोंदीस विजयी ठरवू शकते. पूर्ण दिवसाची नोंद मध्यरात्रीचा क्षण म्हणून साठविली गेली, तर भारतीय वेळेची मध्यरात्र आंतरराष्ट्रीय वेळेनुसार आदल्या दिवशीची १८:३० असते. त्यामुळे लंडन किंवा न्यूयॉर्क येथे राहणाऱ्या नातेवाइकाच्या फोनवर वाढदिवस एक दिवस आधी दिसतो. पहिल्या तीन टप्प्यांतील दोषांनी समकालन थांबते, पण सहसा माहितीची हानी होत नाही. शेवटच्या दोन टप्प्यांत समकालन सुरळीत चालल्याचे दिसत असतानाच हानी होते. म्हणून हेच दोष अधिक गंभीर समजावे लागतात.

फेरफार कोणत्याही क्रमाने पोहोचले तरी सर्व प्रती अखेर सारख्याच होतील, अशा माहिती-रचनांचा सिद्धांत मार्क शापिरो व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये मांडला. त्याने प्रतींतील विसंगती टळते. परंतु एकाच भेटीची वेळ दोघांनी वेगवेगळी लिहिली असता खरी कोणती, हे गणिताने ठरत नाही. तसेच चुकून पुसलेली नोंद समकालनाने सर्वत्र तत्परतेने पुसली जाते. कुटुंबाचे पत्ते, छायाचित्रे व पत्रव्यवहार यांचा साठा या यंत्रांवरच राहू लागल्याने, समकालनापासून अलिप्त अशी एक प्रत वेळोवेळी काढून ठेवणे हाच या प्रकारच्या हानीवरील खात्रीचा उपाय होय.