उणे ११९३ तास

एमएस्सीला असताना हॉस्टेलच्या पोरांसाठी मी एक गेम सर्व्हर चालवायचो. त्यात दोन काउंटर होते: सर्व्हर किती वेळ चालू आहे आणि कोण किती तास ऑनलाइन होतं. पंचविसाव्या दिवशी सकाळी बघतो तर पहिल्या नंबरवरचा माझा रूममेट थेट तळाला! आदल्या रात्री तो एकटाच खेळत होता आणि त्या एका बैठकीचे त्याच्या खात्यात उणे ११९३ तास जमा झाले होते. "मुद्दाम केलंस ना?" म्हणाला, आणि दोन दिवस बोलला नाही.

आधी थोडं गणित बघू. मशीन सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ३२ बिटांत साठवले, तर ४,२९,४९,६७,२९६ पर्यंतच मोजता येतं, म्हणजे सुमारे ४९.७ दिवस. मग जुन्या स्कूटरच्या किलोमीटर काट्यासारखं पुन्हा शून्य. त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हाला दिला, की मर्यादा निम्मी: २४.८ दिवस. त्यानंतर आकडा एकदम सर्वांत मोठ्या उणे संख्येवर उडी मारतो.

या खड्ड्यात मोठमोठे पडलेत. विंडोज ९५ सलग ४९.७ दिवस चालवलं तर अडकायचं, पण हे उघड झालं १९९९ मध्ये! कारण तोवर ते रीस्टार्ट न करता इतके दिवस चालवायचं कोण? १४ सप्टेंबर २००४ ला मात्र गंमत उरली नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हवाई नियंत्रण केंद्राचा विमानांशी आवाजी संपर्क तुटला. तिथली यंत्रणा दर ३० दिवसांनी रीस्टार्ट करायची असा नियम होता, तो एकदा पाळायचा राहिला. २०१५ मध्ये बोइंग ७८७ बद्दल इशारा निघाला: सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटर बंद पडू शकतात. २४८ दिवस म्हणजे ३१ बिटांत मावणारे सेकंदाचे शंभरावे भाग.

माझी चूक काय होती? मी आलेली वेळ आणि गेलेली वेळ दोन्ही आधी १००० ने भागायचो, मग वजाबाकी करायचो. आधी वजाबाकी केली असती, तर ती उडी आपोआप रद्द झाली असती, कारण वजाबाकीसुद्धा त्याच ३२ बिटांत गोल फिरते. एका ओळीचा बदल! तो केला, रूममेटचे तास परत दिले, वर चहा पाजला.

लिनक्सवाल्यांचा उपाय मला सगळ्यांत आवडतो. त्यांनी २.६ आवृत्तीत काउंटर शून्यापासून सुरूच केला नाही. तो उलटण्याच्या पाच मिनिटं आधीपासून सुरू होतो. म्हणजे चूक असेल तर दीड महिन्यानं नाही, प्रोग्रामर समोर बसलेला असतानाच दिसते.

आता लॅबमधला माझा डेटा लॉगर महिनोन् महिने चालतो. त्याची चाचणी मी अशीच घेतो. तुमचा काउंटर कुठून सुरू होतो, एकदा बघा.