सेलवरचा कॅमेरा

आमच्या धामणगाव बढ्यात छोटा डिजिटल कॅमेरा कुणी मेगापिक्सेल पाहून घेतला नाही. जाहिराती आकडे मिरवत होत्या आणि इथलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारायचं, सेलवर चालतो का? २००५ नंतरची ती वर्षं भारनियमनाची होती. लाइन कधी येईल आणि आली तर किती टिकेल, याचा नेम नसायचा. चार्जिंगच्या बॅटरीचे चपटे, देखणे कॅमेरे मलकापूरच्या दुकानांत काचेमागे दिसायचे. पण ऐन लग्नात बॅटरी उतरली तर मंडपात चार्जर कुठे लावणार? म्हणून मी माझ्या स्टुडिओसाठी कॅननच्या पॉवरशॉट ‘ए’ मालिकेतला कॅमेरा घेतला. २००८ चा ए-४७०, ७.१ मेगापिक्सेल, ३.४ पट झूम, मागे अडीच इंची पडदा आणि पोटात दोन पेन्सिल सेल. साधे स्वस्त सेल थोड्याच फोटोंत मान टाकायचे, अल्कलाइन बरे टिकायचे. तेही संपले तर पोऱ्याला किराणा दुकानात पिटाळायचं.

वडिलांच्या वेळी सेलचाही प्रश्न नव्हता. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यातला. १२० चा रोल, सहा बाय सहा सेंटीमीटरच्या चौकोनी निगेटिव्ह आणि एका रोलमध्ये फक्त बारा फोटो. उन्हाची खूण आणि ढगाची खूण, एवढंच काय ते ठरवायचं. रोल कधी आग्फाचा, कधी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’. बाराच फोटो म्हटल्यावर कशाचा काढायचा नाही हे आधी ठरायचं. बैलजोडीचा निघायचा, बायकोचा राहून जायचा.

१९८६ च्या सुमाराला याशिकाचा एमएफ-२ आला आणि घरोघरी पोचला. फोकस कायमचा ठरलेला, फ्लॅश अंगातच, रोल ३६ फोटोंचा. सुरतेहून, पुण्याहून दिवाळीला येणारी पोरं तो गळ्यात अडकवून गावभर फिरायची. पुढे कोडॅकचा केबी-१० आला, तोही तसलाच सोपा. आमच्या धंद्याला त्याने धक्का दिला असं म्हणतात. मला तसं दिसलं नाही. फोटो गावात निघायचे, पण रोल धुवायला माझ्याच हाती यायचे आणि मी ते मलकापूरच्या कलर लॅबला पाठवायचो.

गावातल्या म्हाताऱ्या बायांचा पहिला फोटो मात्र यांपैकी कोणत्याच कॅमेऱ्याने काढला नाही. तो सरकारने काढला. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, १९९३ साली, मतदाराच्या फोटो ओळखपत्राचा आदेश निघाला. मग शिबिरं लागली. कितीतरी आज्या डोक्यावरचा पदर सारखा करत, जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसल्या. कसा निघाला हे विचारायची त्यांना सोय नव्हती.

ती सोय मागच्या पडद्याने केली, आणि छोट्या डिजिटलचा खरा गुण मी त्यालाच मानतो. ग्राहकांसाठीच्या डिजिटल कॅमेऱ्याला पाठीमागे पडदा पहिल्यांदा दिला कॅसिओच्या क्यूव्ही-१० ने, १९९५ साली. आमच्याकडे त्याचा परिणाम यायला दहाएक वर्षं लागली. स्थळासाठी फोटो काढायला आलेली पोरगी पूर्वी मी सांगेन तशी मान वाकडी करून बसायची आणि आठ दिवसांनी जो हाती पडेल तो मुकाट घेऊन जायची. आता ती उठून माझ्या हातातल्या कॅमेऱ्यात डोकावू लागली. “हा नको, डोये मिटले माहे. दुसरा काढा.” तिच्या मागून तिची आईही डोकावायची.

बाकीची बटणं आम्ही कंपनीच्या मनात नव्हतं तशी वापरली. फुलाचं चित्र असलेलं बटण जवळून फोटो काढण्यासाठी, फुलापाखरांच्या हौसेचं. मी त्यावर म्हशींच्या कानातले बिल्ले काढले. जनावराच्या विम्याला बिल्ल्यावरचा नंबर वाचता यायला हवा. म्हैस मान झटकायची, मालक शिंग धरायचा आणि मी उकिरड्यालगत गुडघे टेकून अर्ध्या फुटावरून नेम धरायचो. तारीख छापण्याची सोय गारपिटीच्या पंचनाम्याला लोकांना फार हवी असायची. पण ती तारीख आपल्याच हाताने लावायची असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तिच्याशिवाय फोटो कुणी घ्यायचं नाही.

लग्नात मात्र या कॅमेऱ्याने घाम फोडला. बटण दाबल्यावर फोटो क्षणभर उशिरा निघायचा. त्यावर इलाज एकच : ‘सावधान’ ऐकू आलं की बटण अर्धं दाबून धरायचं आणि अंतरपाट हलला की पूर्ण दाबायचं. एक निघायचा. फ्लॅश पुन्हा भरेपर्यंत अक्षता खाली पडून लोक जेवायच्या पंगतीकडे पळालेले असायचे.

२०१० साली जगभरच्या दुकानांत बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे गेले, धंद्याचा तो कळस. २०१२ च्या जानेवारीत अमेरिकेत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. दशक संपेतो कॅमेऱ्यांचा आकडा कोटीच्या आत आला, कारण कॅमेरा फोनात शिरला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि शेतकरी बांधावर उभा राहून आपल्या कपाशीचा फोटो आपणच चढवू लागला. मला त्यात काही कामच उरलं नाही.

उरलं ते वर्षश्राद्धाचं काम. मोठा फोटो करून द्या म्हणून लोक येतात. वडिलांच्या वेळच्या चौकोनी निगेटिव्हवरून भिंतीएवढाही फोटो निघतो; मी त्या बिस्किटांच्या डब्यांत ठेवल्या आहेत. २००९ चं लग्न असेल तर पंचाईत. कार्ड महाग म्हणून पुढच्या लग्नाला ते पुसलेलं, सीडी उघडत नाही, अल्बमात आजी कुठे तरी कोपऱ्यात अर्धी. मग मी मतदार ओळखपत्र मागवतो, त्यावरचा पुसट, काळा-पांढरा चेहरा स्कॅन करून मोठा करतो आणि लुगड्याचा रंग विचारून भरतो. थोरला म्हणतो हिरवं, धाकटा म्हणतो जांभळं, आणि माझ्या दुकानात दोघांची जुंपते.