अलाइनमेंट करूनही जिप्सी तिरकी चालते? मागचा ॲक्सल सरकला आहे का, ते असं ओळखा

पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करून आणलं, चार दिवस बरे गेले आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग पुन्हा वाकडं. मारुती जिप्सी ऑफ-रोडिंगला नेणाऱ्यांना हे नवीन नाही. अशा वेळी पुन्हा पुढची चाकं जुळवण्याआधी मागे बघा.

जिप्सीचा मागचा ॲक्सल अखंड असतो आणि दोन्ही बाजूंना लीफ स्प्रिंगवर, म्हणजे पाट्यांवर बसवलेला असतो. पाट्यांच्या मधोमध सेंटर बोल्ट असतो. त्याचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं आणि ॲक्सलची जागा ठरवतं. घट्ट आवळून धरण्याचं काम मात्र यू-बोल्टचं. दगडांवर आपटून यू-बोल्ट सैल झाले, की सगळा भार सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की ॲक्सलची ती बाजू पुढे-मागे सरकते.

किती फरक पडतो? दोन मागच्या चाकांमधलं अंतर साधारण १.३ मीटर धरा. एक बाजू १० मिमी मागे गेली, तर २३७५ मिमी व्हीलबेसवर मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेपासून सुमारे १८ मिमी बाजूला धावतात. खेकड्यासारखी तिरकी चाल म्हणतात ती हीच. डावं चाक मागे सरकलं असेल तर सरळ जाण्यासाठी स्टिअरिंग डावीकडे वळवून धरावं लागतं. पाण्याच्या डबक्यातून सरळ जा आणि उतरून ओले माग बघा. फरक मोठा असेल तर तिथेच कळतो.

खात्रीसाठी टेप लागेल. बरेच जण पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत मोजतात, पण जिप्सीला पुढेही पाटेच आहेत, म्हणजे पुढचा ॲक्सलही सरकलेला असू शकतो. त्यापेक्षा मागच्या पाट्याचं पुढचं टोक चॅसीला जिथे बोल्टने जोडलंय, तिथून ॲक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. गाडी सपाट जागेवर हवी. मापं वेगळी आली तर त्या बोल्टचं बुश झिजलंय का, तेही बघा. ॲक्सलच्या बैठकीजवळ गंज घासून चकाकणारी रेघ दिसली, तर ॲक्सल हलतोय हे नक्की.

मापं सारखी आहेत आणि तरी गाडी तिरकी? मग चारही चाकांचं अलाइनमेंट करून प्रिंट मागा. ॲक्सल नुसता फिरला असेल तर मागच्या एका चाकाचा टो जेवढा आत, तेवढाच दुसऱ्याचा बाहेर दिसतो. दोन्हींची बेरीज शून्याच्या जवळ नसेल, किंवा कॅम्बर बिघडलेला असेल, तर ॲक्सलची नळीच वाकलेली असण्याची शक्यता जास्त. ते काम महागडं आहे.

सेंटर बोल्ट तुटलेला सापडला तर वेल्डिंगचा जुगाड करू देऊ नका. नवा बोल्ट स्वस्तात मिळतो. यू-बोल्टही नवेच घाला आणि थोडे किलोमीटर चालवून पुन्हा आवळून घ्या. तोवर घाटात गाडी काढू नका. सैल ॲक्सल ब्रेक मारताना आणखी सरकतो, आणि ब्रेकची नळी त्याच्यासोबत ओढली जाते.