धान्य प्रतवारीकारांचे प्रशिक्षण
धान्यातील ओलावा, माती-कचरा व दाण्यांचा सारखेपणा ठरीव पद्धतीने तपासून त्याचा दर्जा निश्चित करणाऱ्यास प्रतवारीकार म्हणतात. पालघर जिल्ह्यातील (२०१४ पर्यंत ठाणे जिल्हा) जव्हार व मोखाडा या डोंगराळ, आदिवासीबहुल तालुक्यांत भात, नागली व वरई ही मुख्य पिके होत. तेथे पूर्वी धान्याची पारख खरेदीदार व्यापारीच करी. मूठभर दाणे तळहातावर चोळून, एखादा दाताखाली फोडून तो भाव सांगे. माप पायलीने होई. पुष्कळदा तोच सावकार असल्याने त्याचा निर्णय नाकारण्याची सोय उत्पादकास नसे.

भारतात रॉयल कृषी आयोगाच्या अहवालानंतर (१९२८) केंद्रीय विपणन यंत्रणा १९३५ मध्ये उभी राहिली आणि १९३७ च्या शेतमाल (प्रतवारी व चिन्हांकन) अधिनियमान्वये ‘ॲगमार्क’ चिन्ह प्रचारात आले. या अधिनियमाचा भर मालाच्या प्रमाणांवर व चिन्ह वापरण्याच्या अधिकारपत्रावर होता. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९१६ च्या धान्य प्रमाण अधिनियमाने धान्य तपासणाऱ्या निरीक्षकालाच परवाना आवश्यक केला होता. भारतात तसे न होता प्रतवारी करणाऱ्या व्यक्तीचे शिक्षण प्राय: खात्यांच्या अल्पमुदतीच्या वर्गांवर सोपविले गेले. उत्तर प्रदेशातील हापूड येथील धान्य साठवण संस्थेने असे वर्ग चालविले.

जव्हार-मोखाड्यात या प्रश्नास निकड आली ती सरकारी खरेदीमुळे. आदिवासी विकास महामंडळ १९७२ मध्ये स्थापन झाले; आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्यासाठी १९७६ मध्ये राज्याने अधिनियम केला आणि त्यानुसार एकाधिकार खरेदी सुरू झाली. महामंडळाचे प्रादेशिक कार्यालय जव्हारला असून गावपातळीवरील खरेदी आदिवासी सहकारी संस्थांमार्फत होई. व्यापाऱ्याची जागा संस्थेने घेतली, तरी पोते स्वीकारावे की परत पाठवावे हे सांगणारा माणूस लागतच होता. तोच प्रतवारीकार (बोलीत ‘ग्रेडर’).

त्याच्या कामात हात व नजर यांपेक्षा काटा, चाळणी व आर्द्रतामापक यांना महत्त्व असते. पोत्यांच्या वेगवेगळ्या भागांतून परखीने नमुना काढून तो एकत्र मिसळतात व त्यातील ठरावीक वजनाचा भाग निवडतात. आधारभूत किंमत योजनेत भातासाठी आर्द्रता कमाल १७ टक्के, सेंद्रिय व असेंद्रिय कचरा प्रत्येकी १ टक्का, अपक्व व सुरकुतलेले दाणे ३ टक्के अशा मर्यादा आहेत. दाण्याची लांबी रुंदीच्या अडीच पट वा अधिक असल्यास भात ‘अ’ दर्जाचे, अन्यथा साधारण समजतात. परतीच्या पावसात भिजलेले भात पहिल्या मर्यादेवर सहज अडते. डोंगरपाड्यावरून आणलेली पोती परत नेणे परवडत नसल्याने अशा वेळी शेतकरी पुन्हा व्यापाऱ्याकडेच वळतो; म्हणून मापकाचा आकडा एक टक्क्याने चुकणे येथे किरकोळ ठरत नाही. उपकरण अचूक आहे की नाही हे पडताळणे आणि नमुना शेतकऱ्यासमक्ष काढणे हे प्रशिक्षणाचे खरे विषय होत. केवळ मर्यादांचे कोष्टक पाठ करून ते साधत नाही.

नागलीस केंद्र शासनाची आधारभूत किंमत आहे, वरईस नाही. त्यामुळे वरईची पारख अद्याप बव्हंशी नजरेनेच होते.