शेवटच्या भोजनावरील सुरा

पवित्र आठवड्यापूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीने आम्हांला विचारले, "फादर, जेवायला बसलेल्या शिष्यांपाशी तरवारी आल्या कुठून?" लूककृत शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात शिष्य प्रभूला दोन तरवारी दाखवितात. सेमिनरीत आम्ही तो अध्याय कितीदा वाचला असेल; हा प्रश्न मात्र कधी सुचला नाही.

मूळ ग्रीक शब्द आहे 'माखायरा'. त्याचा साधा अर्थ सुरा, जनावर कापण्याचा. होमरच्या 'इलियड'मध्ये आगामेम्नोन शपथेच्या कोकरांचे केस माखायराने कापतो आणि तो सुरा त्याच्या तरवारीच्या म्यानाशेजारी लटकत असतो. म्हणजे दोन्ही वस्तू निराळ्या. पुढे सैनिकाच्या आखूड तरवारीलाही हेच नाव पडले. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात इसहाकावर उगारलेला सुराही माखायराच आहे. तेथील हिब्रू शब्द 'माअखेलेत' हा 'खाणे' या धातूपासून निघालेला. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात तोच शब्द गरिबांना खाऊन टाकणाऱ्यांच्या दाढांना लावला आहे. सावकारी भोगलेल्या आमच्या लोकांना हे रूपक समजावून द्यावे लागत नाही.

संत योहान ख्रिसोस्तोम यांची मातृभाषा ग्रीक. मत्तयावरील प्रवचनात ते म्हणतात की शिष्य नुकतेच भोजनावरून उठले होते, तेव्हा पास्काच्या कोकरासाठी लागणारे सुरे त्यांच्याजवळ असणे साहजिक होते. आम्हांला हा खुलासा पुष्कळसा पटतो. मात्र त्याआधीच प्रभू झगा विकून माखायरा घ्यायला सांगतो, तेथे स्वयंपाकाचा सुरा बसत नाही, हेही कबूल केले पाहिजे.

संत जेरोम यांनी लॅटिनमध्ये अब्राहामाच्या आणि पेत्राच्या, दोघांच्याही हाती 'ग्लादियुस', म्हणजे तरवार दिली. मराठीत अब्राहामाला सुरा मिळाला. पेत्राची तरवार राहिली. लॅटिन वाचणाऱ्या युरोपात कोकराची आठवण पुसली गेली. बाराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी त्या दोन तरवारींचा अर्थ आध्यात्मिक व ऐहिक सत्ता असा लावला आणि 1302 मध्ये परमगुरू बोनिफास आठवे यांनी 'उनाम सांक्ताम' या आज्ञापत्रात दोन्ही तरवारी ख्रिस्तसभेच्या अधिकारात असल्याचे घोषित केले. पुढच्याच वर्षी, 1303 च्या सप्टेंबरात, फ्रान्सचा राजा फिलिप चौथा याची माणसे खऱ्याखुऱ्या तरवारी घेऊन आनाग्नीच्या वाड्यात शिरली. वृद्ध परमगुरूंना त्यांनी कैद केले. गावकऱ्यांनी त्यांना सोडविले खरे, पण ऑक्टोबरात रोम येथे त्यांचे निधन झाले.